ओळख आणि राखण

(मठाच्या वर्धापनोत्सवानिमित्त बारडोली येथे भरलेल्या भक्तमंडळींच्या सभेत दिलेले व्याख्यान)



वर्धापनोत्सवात दोन शब्द बोलावे अशी आज्ञा झाली तेव्हा मला प्रथम भीतीच वाटली. या व्यासपीठावरून आजवर ज्ञानवृद्ध आणि तपोवृद्ध माणसे बोलत आली आहेत. मी पाठशाळेतील एक साधा अध्यापक. वय चाळिशीच्या आतले, आणि व्याकरण व कोश यांपलीकडे माझी फारशी गती नाही. परंतु आज्ञा मोडणे हा त्याहून मोठा अविनय झाला असता. म्हणून ज्या विषयात मी पंडित नाही, पण अपराधी मात्र आहे, असा विषय मी निवडला आहे. अपराध्याला निदान आपला अपराध तरी नीट ठाऊक असतो. आपल्या भोवतीचे वन, पाणी आणि माती यांची राखण कोणी करावयाची, आणि ती राखण करता यावी म्हणून मुलांना काय शिकवावयाचे, हा तो विषय होय.

माझा अपराध आधी सांगतो.

मी अकरा वर्षांचा असताना मठाच्या पाठशाळेत आलो. सर्व पाठशाळांतून जसे होते तसेच आमच्याही पाठशाळेत अमरकोशाचे पाठांतर प्रथम होते. त्याच्या द्वितीय कांडात वनौषधिवर्ग आहे. वृक्षवेलींच्या नावांचे ते एक अरण्यच. पळसाची नावे, मोहाची नावे, खैराची, हिरड्याची, बेहड्याची, अशी शेकडो नावे मला झोपेतही बिनचूक म्हणता येत असत. स्पर्धेत पारितोषिकही मिळाले. सतरा वर्षांचा होतो त्या वर्षी सुटीत घरी जाण्यास निघालो, तेव्हा आमच्या आचार्यांची प्रकृती ठीक नव्हती. वैद्यांनी त्यांना अर्जुनाच्या सालीचा काढा सांगितला होता. आचार्य म्हणाले, "तुमच्या डोंगरात अर्जुन असेल. येताना साल घेऊन ये." मला धन्यता वाटली. गुरुसेवेचा प्रसंग, आणि वनौषधिवर्ग तर मला मुखोद्गत!

आमचे गाव साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात, डांगच्या सीमेकडच्या डोंगरांत आहे. गावी पोचताच मी चौकशी केली. अर्जुनाला आमच्याकडे अर्जुनसादडा म्हणतात हे मला ठाऊक होते. एका गुराख्याने माळावरचा सादडा दाखविला. मी विळ्याने त्या झाडाची साल कमरेइतक्या उंचीवर चोहोंकडून सोलून काढली आणि मोठ्या अभिमानाने घरी आणली. संध्याकाळी आई रानातून मोळी घेऊन आली. तिने साल हातात घेतली, नखाने उकरली आणि ती हसली. म्हणाली, "अरे, हा माळावरचा. तुझ्या गुरुजींना पाहिजे तो ओढ्याकाठचा. त्याची साल पांढुरकी, हाताला गुळगुळीत लागते. ही बघ, भेगाळलेल्या शेतासारखी." मी आणले होते ते ऐनाचे झाड. ऐनालाही सादडा म्हणतात, आणि अर्जुनालाही सादडाच म्हणतात. मी नावाला फसलो होतो.

मग तिने विचारले, "एका अंगाने सोललीस ना?" मी म्हणालो, सगळीकडून. यावर ती हसली नाही. झाडाने पानांत तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. साल चोहोंकडून काढली की ती वाट तुटते आणि मूळ उपाशी मरते. हे शास्त्र मी पुढे वाचले. आईला ते शास्त्र म्हणून ठाऊक नव्हते, पण नियम म्हणून ठाऊक होते. ते ऐनाचे झाड पुढच्या उन्हाळ्यात उभ्याउभ्या वाळले. ज्याच्या सालीची गरजच नव्हती, त्या झाडाचा मी जीव घेतला, आणि तोही गुरुसेवेच्या नावाने.

अधिक लज्जेची गोष्ट पुढेच आहे. पाठशाळेत परतल्यावर मी वनौषधिवर्ग पुन्हा उघडला. अर्जुनाच्या नावांत एक नाव आहे 'नदीसर्ज'. हे नाव मी शेकडो वेळा म्हटले होते. हा वृक्ष नदीकाठचा, असे ते नावच सांगत होते. आणि मी तो माळावर शोधत होतो. कोशकार अमरसिंहाला जे ठाऊक होते ते माझ्या निरक्षर आईलाही ठाऊक होते. मधला मीच तेवढा अडाणी होतो.

सज्जनहो, त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. ओळखीवाचून राखण होत नाही. ज्याला आपण ओळखत नाही त्याचे रक्षण तर आपल्या हातून होत नाहीच, पण सद्‌हेतूनेही त्याचा घातच होतो. आणि ओळख म्हणजे केवळ नाव नव्हे. वृक्ष कोठे उभा असतो, त्याला काय लागते, त्याच्याकडून किती घ्यावे आणि कोठे थांबावे, हे कळणे म्हणजे ओळख. शास्त्रांनी आपल्यावर तीन ऋणे सांगितली. त्यांतले ऋषिऋण अध्ययनाने फिटते असे म्हणतात. ऋषी तो, ज्याने पाहिले. मग ओढ्याकाठचा अर्जुन आणि माळावरचा ऐन ज्या वनवासी माउलींनी पिढ्यान्‌पिढ्या पाहून वेगळे ओळखले, त्यांचेही ऋण आपल्यावर आहे, असे मला नम्रपणे वाटते. ते ऋण आपण अजून मान्यही केलेले नाही, मग फेडण्याची गोष्ट दूरच राहिली.

आता आपण जेथे जमलो आहो त्या भूमीकडे वळू. बारडोलीची काळी जमीन ही गुजराथच्या सुपीक जमिनींपैकी एक. एके काळी येथे कापूस आणि जोंधळा पिकत असे. 1950 च्या दशकात तापीवर काकरापारचा बंधारा झाला, पुढे 1972 मध्ये उकाईचे धरण पुरे झाले, आणि कालव्यांचे पाणी शेतोशेती खेळू लागले. याच काळात येथे सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. कापसाच्या जागी ऊस आणि भात आला. आज आपल्या पंक्तीत जे अन्न वाढले जाते त्यात या पाण्याचा मोठा वाटा आहे, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे.

पण हे पाणी येते कोठून? आपण म्हणू, कालव्यातून. कालव्यात कोठून? तर उकाईतून. आणि उकाईत? बहुतेकांचे उत्तर येथेच थांबते. तापी मध्यप्रदेशात मुलताई येथे उगम पावते आणि 724 किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्याचे क्षेत्र 65,145 चौरस किलोमीटर आहे. त्यांपैकी 51,504 चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ चार-पंचमांश, महाराष्ट्रात आहे, आणि गुजराथेत केवळ 3,837. आमच्या साक्री तालुक्याच्या डोंगरांत उगम पावणारी पांझरा तापीलाच मिळते. म्हणजे बारडोलीच्या सरीत जे पाणी खेळते त्यातले पुष्कळसे खानदेश आणि विदर्भाच्या डोंगरांवर पडलेले आहे. तेथे वन असले तर ते पाणी मुरत, झिरपत, निवळ होऊन येते. तेथे डोंगर उघडे पडले तर तेच पाणी माती घेऊन लोंढ्याने येते. माती धरणाच्या पोटात बसते आणि धरणाची पाणी धरण्याची शक्ती वर्षानुवर्षे कमी होत जाते. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत शहर बुडाले, ते आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या संकटाची कारणे अनेक होती; पण वरच्या डोंगरांचे सुखदुःख खालच्या शहराच्या उंबरठ्यापर्यंत कसे येते, हे त्या दिवसांत कोणालाही समजावून सांगावे लागले नाही.

त्या डोंगरांतून केवळ पाणीच येथे येत नाही, माणसेही येतात. दिवाळी झाली की खानदेशातून आणि डांगातून उसाच्या तोडणीसाठी टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. शेताच्या कडेला पाचटाच्या खोपी उभ्या राहतात आणि पावसाच्या तोंडापर्यंत त्याच खोपीत लेकरे वाढतात. माझे वडील असेच एका कोयत्याचे अर्धे होते, आणि आई दुसरे अर्धे. मी या परगण्यात प्रथम आलो तो भक्त म्हणून नव्हे. उसाच्या मोळ्यांमध्ये झोळीत निजणारे पोर म्हणून आलो. हे मी गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. या भूमीने आम्हांला अन्न दिले आहे. परंतु घर सोडून कोणी हौसेने येत नाही. डोंगर उघडे पडले, पावसाचे पाणी वाहून गेले, माघातच विहिरी कोरड्या पडल्या, म्हणून आम्ही पाण्याच्या मागोमाग पाण्याच्याच वाटेने खाली आलो. वर पाणी नाही म्हणून माणूस उखडतो, असा हा योग आहे.

आणि खाली काय होते? खाली पाणी अति होते. काळी माती पाणी धरून ठेवते, तिचा निचरा मंद. कालवा झिरपतो, ऊस बारमाही पाणी पितो, आणि पाणी हाताशी आहे म्हणून शेतकरी गरजेपेक्षा अधिक देतो. मग जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर वर येते, आणि तिच्याबरोबर खालचे क्षारही वर येतात. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. जमीन आधी चिबड होते, मग क्षारपड. उकाई-काकरापारच्या लाभक्षेत्रात ही व्याधी जुनी आहे. शेतकऱ्यांनाही ती ठाऊक आहे, कृषितज्ज्ञांनाही. प्रसादाचे अन्न अति खाल्ले तरी अजीर्ण होतेच. पाण्याचेही तसेच आहे. एकाच नदीच्या वरच्या अंगाला तहान आणि खालच्या अंगाला अजीर्ण, ही आज तापीची स्थिती आहे.

यावर उपाय आहे काय? आहे, आणि तो आमच्याच तालुक्यात माझ्या बालपणी घडत होता, मी मात्र त्या वेळी पाठांतरात गुंग होतो. साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचा एक लहानसा वनवासी पाडा आहे. जेमतेम शंभरएक घरांची वस्ती. 1990 च्या सुमारास त्याच्या भोवतीचे वन तोडून तोडून विरळ झाले होते. विहिरींना पाणी राहत नव्हते, आणि लोक मजुरीसाठी गाव सोडून जात असत. त्याच गावातील चैत्राम पवार हे वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेऊन नोकरीच्या मागे न जाता गावी राहिले. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांचे त्यांना साहाय्य झाले. गावाने बैठक घेतली आणि आपल्यापुरते नियम केले. झाड तोडावयाचे नाही. जळणासाठी वनात बैलगाडी न्यावयाची नाही. तोडणाऱ्याला दंड; आणि तोडणारा दाखवून देणाऱ्याला त्याच दंडातून बक्षीस. राखण गावकऱ्यांनीच करावयाची. डोंगराच्या उतारांवर चर खणले, ओढ्यानाल्यांवर लहान बंधारे घातले.

नियम करणे सोपे, पाळणे कठीण. शेजारच्या गावचे लोक लाकडाला आले, आणि ते परके नव्हते, सोयरे होते. सोयऱ्याला दंड कसा करावा? पण नियम सोयऱ्यापाशी मोडला की तो सर्वांपाशी मोडतो, हे त्या लोकांनी ओळखले. मुळे जमिनीत जिवंत होतीच. तोड थांबल्यावर ती फुटली. हळूहळू सुमारे 445 हेक्टर, म्हणजे अकराशे एकर वन पुन्हा उभे राहिले. विहिरींना पाणी आले. भाताची शेती सुधारली. कामासाठी परगावी जाणे थांबले. ज्या गावाच्या विहिरी आटत होत्या ते गाव शेजारच्या गावांना पिण्याचे पाणी देऊ लागले. 2025 मध्ये भारत सरकारने चैत्राम पवार यांना पद्मश्री देऊन गौरविले. तो गौरव एका व्यक्तीच्या हाती दिला गेला असला तरी तो अवघ्या पाड्याचा आहे, असेच समजले पाहिजे.

बारीपाड्यातील आणखी एक प्रथा मला, अध्यापक या नात्याने, फार मोलाची वाटते. तेथे पावसाळ्यात वनभाज्यांची स्पर्धा भरते. स्त्रिया रानातून भाज्या आणतात, रांधतात, ओळीने मांडतात आणि प्रत्येकीने सांगावयाचे की ही भाजी कोणती, ती कोठे उगवते, कधी खुडावी, कशी शिजवावी. कर्टोली, टाकळा, शेवळे, चाईचा मोहर, बांबूच्या कोंबांचा वास्ता, आणि जो नीट उकळून, धुऊन घेतल्यावाचून खाताच येत नाही असा कडूकंद. शेवळे खाजरे असते; त्याच्याबरोबर आंबट काही शिजवावे लागते, हे तेथल्या लहान मुलीलाही ठाऊक आहे. अशी भाजी ज्या घरात रांधली जाते त्या घरातील माणूस रानाला आग कशी लावील? त्याचे ताटच रानात आहे. ही परीक्षा कोणत्याही विद्यापीठाने घेतलेली नाही, पण वनविद्येची याहून खरी परीक्षा मला माहीत नाही. आमच्या पाठशाळेतील पारितोषिक मला मिळाले होते. या परीक्षेत मात्र मी अनुत्तीर्ण झालो असतो.

आता कोणी म्हणेल की हे डोंगरातल्या लहान पाड्याला साधले. बारडोलीसारख्या संपन्न, दाट वस्तीच्या प्रांताला ते कसे साधावे? बंधूंनो, गावाने मिळून नियम करावा आणि प्राणपणाने पाळावा, हे बारडोलीला इतरांनी शिकवावे असे काय आहे? हे तर बारडोलीने देशाला शिकविले. 1928 च्या फेब्रुवारीत येथील शेतकऱ्यांनी वाढीव सारा न भरण्याची प्रतिज्ञा घेतली. सरकारने सारा 22 टक्क्यांनी वाढविला होता. वल्लभभाईंनी तालुक्यात छावण्या बसविल्या, गावोगाव स्वयंसेवक नेमले. जप्तीवाल्यांच्या हाती गुरे लागू नयेत म्हणून लोकांनी महिनोन्‌महिने गुरांसह स्वतःला घरात कोंडून घेतले. ऑगस्टमध्ये समेट झाला. पुढे चौकशी अधिकाऱ्यांनी ती वाढ 6.03 टक्के एवढीच योग्य ठरविली. वल्लभभाई 'सरदार' झाले ते याच मातीत. त्या लढ्याचे एक उणे राहिले हेही आज प्रांजळपणे म्हणावे. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, जे पिढ्यान्‌पिढ्या हाळी म्हणून राबत होते, त्या हळपतींना साऱ्याच्या सवलतीतून फारसे काही मिळाले नाही. म्हणून उद्या आपण पाण्याचे व्रत घेऊ, तर त्यात जमीनवाला आणि कोयतेवाला दोघेही असले पाहिजेत.

याच भागात शिक्षणाचाही एक मोठा दाखला आहे. वेडछी येथे जुगतराम दवे यांनी आपले सारे आयुष्य राणीपरज मुलांच्या शिक्षणात वेचले. हाताने काम, शेती, आणि त्यातूनच विद्या, अशी ती नई तालीम. पुस्तक आणि शेत यांची फारकत करू नये, हा त्यांचा आग्रह होता. वेडछी येथून काही फार दूर नाही. पण आम्हां संस्कृत पाठशाळेच्या लोकांना ती वाट चालण्यास फार उशीर झाला.

उशीर झाला, आणि चुकाही झाल्या. त्यांतली एक येथे सांगतो, कारण तिचे साक्षीदार या सभेत बसले आहेत. 1950 मध्ये कन्हैयालाल मुनशी यांनी देशात वनमहोत्सव सुरू केला. बारडोलीच्या लढ्याच्या वेळी मुंबईच्या कायदे मंडळाचा राजीनामा देणारे तेच हे मुनशी. त्या परंपरेला अनुसरून आपणही काही वर्षांपूर्वी कालव्याच्या काठी शंभर रोपे लावली. मंत्रघोष झाला, छायाचित्रे झाली, प्रसाद झाला. भिंतीवर संतवचनेही सुंदर रंगविली. पुढल्या ज्येष्ठात मी जाऊन पाहिले तेव्हा त्यांतली सातच रोपे उरली होती. काही शेळ्यांनी खाल्ली, काही तहानेने गेली, आणि काही तर मुळातच चुकीच्या जागी लावली होती. ज्यांना निचऱ्याची जमीन हवी ती चिबड मातीत कुजून गेली. त्या वर्षी पुन्हा शंभर रोपे आणली गेली, आणि मुलांनी त्याच जुन्या खड्ड्यांत ती लावली. तेव्हा एका विद्यार्थ्याने मला हळूच विचारले, "गुरुजी, दरवर्षी लावायचीच असतात का?" या प्रश्नाला मजपाशी उत्तर नव्हते. ते माझ्या ऐनाच्या झाडाचेच दुसरे रूप होते. आपण संस्कार केला, पण ओळख करून घेतली नाही. लावणी केली, पण राखण केली नाही.

त्यानंतर पाठशाळेत आम्ही एक लहानसा पालट केला. वनौषधिवर्ग आता चार भिंतींत शिकविला जात नाही. श्रावणात आठवड्यातून एक दिवस मुले माझ्याबरोबर मिंढोळा नदीच्या काठी, शेतांच्या बांधांवर आणि सुटीत डोंगरांकडे येतात. प्रत्येक मुलाची एक वही असते. तीत एकेका वृक्षाला एक पान. त्यावर संस्कृत नाव, मराठी नाव, गुजराथी नाव, आणि कोकणी किंवा गामीत लोक त्याला जे म्हणतात ते नाव. पलाश, पळस, खाखरो. मधूक, मोह, महुडो. मग तो कोठे उभा होता, जवळ पाणी होते काय, फुलला कधी, त्यावर कोण पक्षी बसतात. आणि शेवटचा रकाना: 'सांगणाराचे नाव'. आपण ग्रंथारंभी गुरुपरंपरेला वंदन करतो. ज्याने झाड दाखविले त्याचे नावही मग गाळता येत नाही.

ही वही काही मोठे शास्त्र नव्हे. पण तिने एक चमत्कार केला. उसाच्या फडांत कोयतेवाल्यांच्या खोपी असतात, त्यांतली मुले शाळेत मागे पडलेली असतात. वर्षातून निम्मे दिवस ती आपल्या गावच्या शाळेत नसतात. आमचे विद्यार्थी त्यांना सुट्टीच्या दिवशी अक्षरे शिकवावयास गेले. तेथे एका दहा वर्षांच्या मुलीने आमच्या उत्तम विद्यार्थ्याची वही पाहून त्यातली तीन झाडे चुकीची ठरविली. तो रडवेला झाला. मग तिनेच त्याला पानाच्या मागची लव, चीक आणि वास यांवरून फरक दाखविला. त्या दिवशी तिने पाच अक्षरे शिकली आणि आमच्या मुलाने तीन वृक्ष. मला वाटते, ऋण दोन्ही बाजूंनी थोडेथोडे फिटले. त्या मुलीला आजवर कोणी काही विचारलेच नव्हते. तिला येते असे काही आहे, हे तिलाही त्या दिवशीच कळले.

आता भक्तजनांकडे माझे मागणे. आपण मठाला धान्य देता, द्रव्य देता, सेवा देता. या वर्धापनवर्षी आपण चार नियमांचे व्रत घ्यावे अशी प्रार्थना आहे.

पहिला नियम शेतकरी भक्तांसाठी. उसाला एक आड एक सरी पाणी द्यावे, आणि निचऱ्याचे चर दरवर्षी पावसाआधी साफ करावेत. शेताचा चर हा देवळाच्या तीर्थमार्गासारखा आहे. तो तुंबला की आतले सारे बिघडते. दुसरा नियम असा की, पाचट पेटवू नये. ते सरीत दाबले तर कुजून मातीचे अन्न होते, ओल टिकते आणि पाण्याच्या पाळ्याही वाचतात. अथर्ववेदातील भूमिसूक्ताच्या ऋषीला भूमी खणतानाही तिच्या मर्माला इजा होऊ नये ही चिंता होती. तिच्या अंगावर दरसाल आग लावताना आपण क्षणभर तरी थांबावे. तिसरा नियम: या वर्षी शंभर रोपे लावू नयेत, दहाच लावावीत. पण प्रत्येक रोपाला एक घर नेमलेले असावे, आणि तीन उन्हाळे त्या घराने ते राखावे. कोणते रोप कोठे जगेल हे आधी जाणत्याला विचारावे, आणि जाणता कोण हे ठरविताना त्याची पदवी पाहू नये. चौथा नियम सर्वांत लहान आणि मला सर्वांत प्रिय. प्रत्येक घरातील मुलाने वर्षभरात पाच वृक्ष ओळखावेत, आणि ते घरातल्या अथवा शेतावरच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून ओळखावेत.

पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे. जेवणापूर्वी भूतमात्रासाठी अन्न बाजूला काढून ठेवावे, हा त्याचा विधी. घरोघरी आपण तो अजून करतो. पाण्याचा, सावलीचा, मातीचा असाच एक भाग भूतमात्रासाठी आणि वरच्या डोंगरांसाठी बाजूला ठेवणे, हा त्याचाच विस्तार आहे. आपण येथे एक पाळी पाणी वाचविले म्हणून साक्रीची विहीर भरणार नाही, हे मला ठाऊक आहे. साक्रीच्या विहिरी साक्रीच्या लोकांनाच भराव्या लागतील, बारीपाड्याने भरल्या तशा. पण जो आपल्या सरीतले पाणी कोठून आले हे जाणतो, तो कोयता घेऊन त्याच वाटेने आलेल्या माणसाकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. ही दृष्टी पालटली तरी पुष्कळ झाले.

माझ्या स्वतःच्या वहीत अर्जुनाचे पान पहिले आहे. संस्कृत रकान्यात 'नदीसर्ज', 'ककुभ' असे लिहिले आहे. स्थान: ओढ्याकाठी. साल: पांढुरकी, गुळगुळीत, एकाच अंगाने काढावी. आणि सांगणाराच्या रकान्यात माझ्या आईचे नाव आहे. तिला वाचता येत नाही. मी ते पान तिला दाखविले आणि तिचे नाव वाचून दाखविले, तेव्हा ती म्हणाली, "त्या ऐनाचं पण लिही." मी तेही लिहिले आहे. दुसऱ्या पानावर, वाळून गेलेल्या त्या झाडाची नोंद माझ्या नावासह आहे. आमचे विद्यार्थी वही सुरू करतात तेव्हा त्यांना प्रथम ही दोन पाने दाखविली जातात.

 बोलण्यात काही न्यून वा अधिक झाले असेल तर ते माझे. काही ग्राह्य असेल तर ते ज्यांनी मला शिकविले त्यांचे. श्रीगुरुचरणी वंदन करून मी आपली रजा घेतो.